नुआलाच्या कपाळावरची राख

नुआला डीहानची आई शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. नुआला आमच्या हार्ड डिस्कच्या कारखान्यात सोन्याची टोकं घडवायची. आमच्या उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातल्या बायकांची बोटं बारीक कामाला सरावलेलीच असतात, पण हे टोक डोळ्याला दिसतसुद्धा नाही. हार्ड डिस्कवर माहिती लिहिणाऱ्या चुंबकाशेजारी ते बसतं. लेसरचा प्रकाश एका ठिपक्यात गोळा करतं, ठिपका क्षणभर तापतो आणि तेवढ्याच जागेत चुंबक आपली खूण उमटवतं. ठिपका जितका बारीक, तितकी माहिती दाटीनं मावते. बोलायला सोपं आहे! त्या उष्णतेनं सोनंच मऊ पडून टोक बोथट व्हायचं. ही खेप टिकली नाही तर टोकं घडवायची आमची धूळमुक्त खोली बंद, असं वरून बजावलं होतं, आणि खेप नुआलाच्या हाती होती.

म्हणून मंगळवारी आईला पुरून ती बुधवारी कामावर आली. तो राखेचा बुधवार. त्या दिवशी आम्ही कॅथलिक बायका चर्चमधून कपाळावर राखेचा क्रूस घेऊन येतो आणि आत शिरण्याआधी मुकाट्यानं धुतो, कारण आत धुळीचा कणही चालत नाही. नुआलानं धुतला नाही. वर चिकटपट्टी लावली आणि टोपी भुवयांपर्यंत ओढली.

कामाची पाळी संपल्यावर टोपीबरोबर पट्टीही निघाली. समोर व्यवस्थापक ॲलिस्टर उभा.

"हे काय?"

"राख. फादरनी लावलीय. त्याच अंगठ्यानं त्यांनी आईला मरताना शेवटचं तेल लावलं होतं."

"पूस," म्हणत त्यानं ओलं फडकं पुढे केलं. तिनं आमच्यादेखत राख खसाखसा पुसली.

पुढे चाचणीत खेप नापास झाली. टोकं बोथट. ॲलिस्टरला राखेचं आयतं कारण मिळालं. नुआलाला घरी बसवलं. ती सामान न्यायला आली तेव्हा आमच्याबरोबर काम करणारी ग्रेनिया सगळ्यांसमोर म्हणाली, "आईला मूठमाती दिलीस ती दिलीस, आमच्या पोटावर कशाला पाय दिलास गं?" नुआला म्हणाली, "चुकलं माझं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दोष राखेवर गेल्यामुळे वरून आणखी एक खेप करू दिली. ती मी केली, कपाळ घासूनपुसून. तीही तशीच बोथट निघाली. मग कुठे नुआलाची खेप सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिली गेली. राखेचा कणही नव्हता.

मी तडक तिच्या घरी गेले. ती बटाटे सोलत होती.

"खोली बंद होतेय, नुआला. पण तुझ्यामुळे नाही. सोनंच तग धरत नाही."

"नक्की?"

"मी डोळ्यांनी पाहिलं."

मला वाटलं, सुटल्यासारखं वाटेल तिला. तिनं सुरी खाली ठेवली.

"म्हणजे राख राहिली असती तरी चाललं असतं," ती म्हणाली. "आणि मी पुसली गं."

आईला पुरताना न रडलेली ती बाई तेव्हा रडली.