लाइल प्रेविटचं पहिलं खोटं

आमच्या धंद्यात खोटं बोलणं हे पाप नाही, शिष्टाचार आहे. कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळणारी पोरं हेरायची आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे सगळ्या टीम आळीपाळीने पोरं निवडतात त्या वार्षिक बाजारात, कुणाला घ्यावं, कुणाला सोडावं ते आपल्या टीमला सांगायचं, एवढंच स्काउटचं काम. पण आठ-दहा टीमचे स्काउट त्याच डोंगरातल्या त्याच रस्त्यांवर फिरतात, त्याच मोटेलांत झोपतात आणि सकाळी ओहायो नदीकाठच्या एकाच पॅनकेकच्या दुकानात एकाच टेबलाभोवती बसतात. तिथे खरं बोलणारा माणूस वेडा. जे पोरगं आवडलं त्याचं नाव काढायचं नाही. दुसऱ्याने काढलंच तर नाक मुरडायचं. ऐकणाराही मुकाट्याने मान हलवतो आणि मनात बरोबर उलटं समजतो. मी निवृत्त होईपर्यंत तिथे इतक्या थापा मारल्या की चर्चमध्ये पाद्रीबुवा माझ्याकडे बघून प्रवचनाचा विषय ठरवत.

या टेबलावर एकाच माणसाला ही विद्या येत नव्हती. लाइल प्रेविट. उंच, खांद्यात वाकलेला, कायम सूर्यफुलाच्या बिया चघळणारा. आवडलेल्या पोराचं नाव निघालं की त्याचे कान लाल व्हायचे आणि तो सिरपच्या बाटलीकडे असा बघायचा की जणू तिच्यावर बायबल छापलंय. ड्वेन क्रम्प्टन, टेनेसीकडच्या टीमचा स्काउट आणि आमच्यातला सगळ्यात मोठा भोंगा, मुद्दाम एकेक नाव घेऊन त्याचे कान बघत बसायचा. "लाइल, लेका, तुझे कान आम्हाला पगारावर ठेवायला हवेत," म्हणायचा. लाइल हसायचा. नावं ठेवायची तर खरी ठेवायचा, नाहीतर गप्प. सगळ्या डोंगरात म्हण झाली होती की लाइल बोलला म्हणजे झालं.

सज्जन माणूस, पण हात लावेल त्याची माती व्हायला लागली. सलग तीन वर्षं त्याने सांगितलेली पोरं टीमने घेतली आणि तिन्ही फुकट गेली. एकाला खेळापेक्षा मासेमारी प्यारी निघाली, एकाची पाठ गेली, तिसऱ्याचं तर नावच घेऊ नका. त्यातच टीमला नवा साहेब आला, केंड्रिक व्हॉस. वयाने लाइलच्या मुलाएवढा, बूट मात्र लाइलच्या गाडीपेक्षा चकचकीत. आमच्यात माणसाला काढायचं असेल तर ड्राफ्ट होईपर्यंत थांबतात. त्याच्या डोक्यातलं सगळं पिळून घेतलं की मे महिन्यात करार संपतो, आणि नवा येत नाही. निरोप द्यायला केकसुद्धा नाही. व्हॉसने हिवाळ्यातच लाइलला सांगून ठेवलं होतं, "या वर्षी एक तरी माणूस द्या लाइल. एकच. नाहीतर मला अवघड होईल."

अवघड कुणाला होणार होतं ते लाइलला कळत होतं. त्याची बायको नॉरीन आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत बसायची, आणि ती खुर्ची टीमच्या विम्यावर उभी होती. नोकरी गेली की विमा गेला. नॉरीनने स्वतः ही गोष्ट कधी काढली नाही. ती फक्त विचारायची, "मिळाला का रे कुणी?"

आणि मिळाला! वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात एका चिमुकल्या कॉलेजमध्ये टॅव्हिस ओकली नावाचा पोरगा. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकसमोर भिंत होऊन उभं राहायचं हे त्याचं काम. अंगाने धान्याचं कोठार, पण पाय असे हलके की खाली गवत दबलं की नाही शंका यावी. कॉलेज इतकं आडबाजूला होतं की मोठ्या तपासणी शिबिराचं बोलावणंही त्याला आलं नाही. त्यामुळे एकाही टीमच्या डॉक्टरने त्याला हात लावला नव्हता. लाइल चार वेळा गुपचूप जाऊन आला. पोराच्या आईच्या, लुर्लीन ओकलीच्या, घरी जेवला. तिच्या हातच्या राजम्याच्या दोन प्लेटा आणि कॉर्नब्रेड चापून आला. येताना तिला म्हणाला, "बाई, तुमच्या पोराचं नाव टीव्हीवर पुकारलं जाईल."

मार्चमध्ये पॅनकेकच्या टेबलावर ड्वेनने सहज नाव टाकलं. "त्या ओकलीला कुणी बघितलं का रे?"

मी तिथेच होतो, लाइलच्या समोर. त्याने काटा खाली ठेवला. कान लाल झाले नाहीत! पांढरे पडले. मी इतकी वर्षं ते कान वाचत आलो, पण हा रंग माझ्या ओळखीचा नव्हता.

"बघितला," लाइल म्हणाला. "कशाला जाताय? डावा गुडघा गेलाय त्याचा. सराव झाला की कणकेसारखा फुगतो. आणि कोच ओरडला की रडतो."

माझ्यासारख्याने हे म्हटलं असतं तर ड्वेन त्याच दुपारी गाडी काढून पोराकडे धावला असता. पण बोलला लाइल होता. लाइल बोलला म्हणजे झालं. ड्वेनने हळहळत मान हलवली. "अरेरे. बिचारा पोरगा." आणि माझ्या ताटातला बेकन उचलून खाल्ला.

लाइलला वाटलं, जिंकलो. आता कुणी फिरकणार नाही, शेवटच्या फेऱ्यांत पोरगा आरामात आपल्या झोळीत पडेल. बिचाऱ्याला एवढंच सुचलं नाही की ड्वेनच्या पोटात काही राहत नाही. ड्वेनने त्याच्या साहेबाला सांगितलं, त्याने गोल्फ खेळताना टेक्सासवाल्याला सांगितलं, टेक्सासवाल्याची बायको आणि व्हॉसची बायको कॉलेजातल्या मैत्रिणी. ड्राफ्टच्या आठवड्यात ती गोष्ट सगळा देश फिरून लाइलच्याच ऑफिसच्या दारात आली. गुडघ्याबरोबर वाटेत तिला दम्याचाही आजार जडला होता.

ड्राफ्टच्या खोलीत भिंतभर फळा असतो, त्यावर पोरांच्या नावांच्या पट्ट्या. बाजूला दुसरा छोटा फळा, ज्यांना काहीही झालं तरी घ्यायचं नाही त्यांचा. आतलं मला कसं कळलं विचाराल, तर त्या पट्ट्या लावणारी बाई माझ्या मेहुणीची मैत्रीण. ती सांगते, लाइल आत आला, मोठ्या फळ्यावर ओकलीचं नाव शोधायला लागला, मग त्याची नजर छोट्या फळ्यावर गेली आणि तो भिंतीला हात टेकून उभा राहिला.

"साहेब, ती पट्टी चुकून तिकडे लागलीय."

"चुकून?" व्हॉस म्हणाला. "तीन टीमकडून ऐकलं. गुडघा गेलाय. आणि तिघंही म्हणतात, लाइल प्रेविट म्हणाला."

"ते मी... ते मी त्यांना हुलकावणी द्यायला म्हणालो. सगळेच करतात."

"सगळे करतात. तुम्ही कधी करत नाही. तुमचं हेच तर सगळे सांगतात मला."

"गुडघा ठणठणीत आहे, साहेब! शपथेवर सांगतो. मी पैज लावतो नोकरीची."

व्हॉसने छोट्या फळ्यावरची पट्टी बोटाने नीट बसवली. तो दुष्ट नव्हता, हे मी मान्य करतो, जरी मला त्याचे बूट आवडत नाहीत. "लाइल, नोकरी जाईल म्हणून तुम्ही आज काहीही बोलाल. मार्चमध्ये बोललात तेव्हा तुम्हाला भीती नव्हती. मी कुठलं खरं धरू?"

मार्चमध्येही भीतीच होती, हे सांगायला लाइलला तोंड कुठे होतं? आता डॉक्टर पाठवायला वेळही नव्हता.

ड्राफ्ट तीन दिवस चालतो, सात फेऱ्या. लाइल प्रत्येक फेरीला उठून उभा राहायचा आणि व्हॉस त्याच्याकडे न बघता दुसरं नाव सांगायचा. इतर टीमनीही ओकलीला हात लावला नाही. लावतील कसा? सातव्या फेरीचं शेवटचं नावही पुकारून झालं, तेव्हा लाइलचा आवाज बसला होता.

त्यानंतर बाजार उठल्यावरची झुंबड असते. जी पोरं उरली त्यांना जो आधी फोन करून पटवेल त्याची. व्हॉसने डोळे चोळत म्हटलं, "जा, आणा तुमचा ओकली. आता आपलं काही जात नाही. आणलात आणि गुडघा टिकला, तर कराराचं बघतो."

लाइल पार्किंगमध्ये धावत गेला आणि फोन लावला. फोन आईने उचलला.

"बाई, मी प्रेविट. टॅव्हिसला द्या, आमची टीम त्याला..."

"प्रेविटसाहेब," लुर्लीन म्हणाली, "तीन दिवस आमचं अख्खं चर्च या खोलीत बसलंय. कुणी चिकन आणलं, कुणी केक. केकवर त्याचं नाव काढलंय. आत्ता सगळे खाली माना घालून घरी गेले."

"बाई, ऐका..."

"माझ्या दुसऱ्या कानाला दुसरा फोन आहे. टेनेसीचे कोणी क्रम्प्टन. ते म्हणतात, पोराला घ्यायची इच्छा आहे, पण गुडघा गेलाय म्हणून साहेब तयार नाहीत. मी विचारलं, कोण म्हणतं? ते म्हणाले, तुम्ही. माझ्या टेबलावर बसून दोन प्लेटा राजमा खाल्लेले तुम्ही."

लाइल गाडीच्या बॉनेटवर बसला. टेनेसीवाल्याला गुडघ्याची थाप खरी वाटत राहिली, तर पोरासमोर लाइलखेरीज कुणीच उरत नव्हतं. आज नाही तर उद्या सकाळी पोराला त्याच्याकडे यावंच लागलं असतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

"मी दोन्ही फोन तोंडाला तोंड लावून धरते," बाई म्हणाली. "काय खरं ते त्यांना सांगा. मी ऐकतेय."

खरखर झाली. मग ड्वेनचा आवाज. पुढचं सगळं ड्वेननेच मला सांगितलं, आणि इतर शंभर जणांना.

"लाइल? तू आहेस का रे?"

"आहे."

"मग? गुडघा?"

ड्वेन म्हणतो, पलीकडे सूर्यफुलाच्या बिया थुंकल्याचा आवाज आला.

"मी थाप मारली होती, ड्वेन," लाइल म्हणाला. "गुडघा घोड्यासारखा आहे. आयुष्यात पाहिलेला सगळ्यात चांगला पोरगा. तुमच्या साहेबाला सांग, डॉक्टर पाठवून बघ म्हणावं. आत्ता घे. मी त्याच्या आईसमोर सांगतोय."

ड्वेनने घेतला. तेवढ्या बाबतीत तो भोंगा तत्पर आहे.

बाईने फोन पुन्हा कानाला लावला, म्हणाली, "देव तुमचं भलं करो, प्रेविटसाहेब. पण आमच्याकडे पुन्हा जेवायला येऊ नका."

लाइल आत गेला. व्हॉसने नुसती भुवई उंचावली.

"टेनेसीला गेला," लाइल म्हणाला.

"कसा काय?"

"मी सांगितलं त्यांना, गुडघा चांगला आहे म्हणून."

व्हॉसने पेन खाली ठेवलं. खोलीतले सगळे फळ्यांकडे बघायला लागले. "म्हणजे आधी खोटं बोलून आपल्याकडून घालवलात, आणि आता खरं बोलून त्यांना दिलात."

"हो, साहेब. तसंच झालं."

मे महिन्यात करार संपला. केक नव्हता. लाइल घरी गेला तेव्हा नॉरीन खिडकीशी बसून वाटाणे सोलत होती. तिने नेहमीचाच प्रश्न विचारला, "मिळाला का रे कुणी?"

"मिळाला होता," लाइल म्हणाला, आणि तिच्यासमोर बसून वाटाणे सोलायला लागला. विम्याचं तिला कसं सांगायचं, ते त्याला टोपली रिकामी होईपर्यंत सुचलं नाही.