कुमुदताईंचा दुसरा संच

शुक्रवारी मधल्या सुट्टीत शाळेच्या ऑफिसमधून निरोप आला, डोंबिवलीहून फोन आहे. पलीकडे पाटकरबाई होत्या, कुमुदताईंच्या शेजारी. "रंजनाताई, कुमुदताई गेल्या हो. दहाला बोलल्या माझ्याशी, बाराला आमटी द्यायला गेले तर खुर्चीतच मान टाकलेली..." त्या रडत होत्या. मग जरा सावरून म्हणाल्या, "डॉक्टर येऊन गेले. तो कॉम्प्युटर अजून चालूच आहे, घरघर करतोय. बंद करायचा का?" आणि जिला कुमुदताईंनी चौदा वर्षं धाकट्या बहिणीसारखं वागवलं, ती मी पहिलं वाक्य काय बोलले, तर "त्याला हात लावू नका." पाटकरबाईंनी फोन ठेवला. त्यांना त्या क्षणी माझ्याबद्दल काय वाटलं असेल, हे विचारायचं धाडस मला पाच आठवड्यांत झालेलं नाही. मी पोहोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, आणि भिंतीवरचं बटण कुणीतरी बंद केलेलं होतं.

कुमुदताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. लग्न केलं नाही. भाऊ लवकर गेला, पुतण्या हेमंत पुण्याला. मानपाडा रोडवर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. पण लहानपण कोलशेतचं. वडील तिकडच्या एका कारखान्यात फोरमन होते आणि घरामागे खाडी. दारावर मासळी घेऊन येणाऱ्या हिरूबाई कोळिणीच्या टोपलीशी बसून त्या प्रत्येक मासा नावाने ओळखायला शिकल्या. "घरात कांदासुद्धा चोरून, पण मासे मला सगळे पाठ," असं हसून सांगायच्या. माझी-त्यांची ओळख झाली तीही ह्याच नावांवरून. मी वर्तकनगरच्या शाळेत मराठी शिकवते. एके दिवशी ही उंच, सडपातळ बाई हातात चिठ्ठी घेऊन आमच्या ग्रंथालयात आली. चिठ्ठीवर पंचवीसेक शब्द होते, खाडीतल्या चिखलाचे, जाळ्यांचे, भरती-ओहोटीचे. "हे तुमच्या कोशांत आहेत का, बघाल?" निम्मे नव्हते. त्यांनी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. "मग लिहायला हवेत," म्हणाल्या.

त्यानंतर कितीतरी रविवार आम्ही दोघी कोलशेतला हिरूबाईंच्या ओट्यावर काढले. हिरूबाई तेव्हाच सत्तरीच्या असाव्यात. जाळं विणता विणता बोलायच्या, कुमुदताई पेन्सिलीने चिठोऱ्यांवर टिपायच्या आणि मी अर्थ नीट लागतोय की नाही ते विचारायची. भरतीच्या पाण्याला तिथे एक नाव नव्हतं. पहिलं पाणी, चिखल झाकणारं पाणी, होडी उचलणारं पाणी, थबकलेलं पाणी, सगळी वेगळी. एकदा हिरूबाई हातातली सुई थांबवून खाडीकडे बघत म्हणाल्या, "लिव बाय, लवकर लिव. आता पान्याला वास येतो. पोरा खारीन उतरत नाय. मी मेले का ह्या शबुद कोन बोलल?" कुमुदताईंनी मान वर केली नाही, पण त्यांची पेन्सिल भराभर चालायला लागली, ते मी पाहिलं.

निवृत्तीनंतर त्यांनी घरी कॉम्प्युटर घेतला. आमच्या ओळखीत कुणाच्याच घरी तेव्हा तो नव्हता. एक्स्चेंजमधली सवय असल्यामुळे यंत्राची भीती नव्हती. बोटं झरझर चालायची. प्रत्येक शब्दाची एक नोंद, अर्थ, हिरूबाईंचं वाक्य. कॉम्प्युटर बसवून देणाऱ्या दुकानदाराने, त्याला आपण सावंत म्हणू, बॅकअपचा एक प्रोग्रामही टाकून दिला होता. दर शनिवारी फ्लॉप्या लावायच्या, तो सांगेल तेव्हा बदलायच्या, शेवटी पडद्यावर 'यशस्वी' अशा अर्थाची हिरवी पट्टी यायची. "डोळे झाकून विश्वास ठेवा ताई," सावंत म्हणाला होता. त्यांनी ठेवला. इतका, की टाइप झालेली चिठोरी त्या रद्दीत द्यायला लागल्या. घर लहान होतं, आणि ती हिरवी पट्टी दर शनिवारी येतच होती.

हिरूबाई गेल्या. त्यानंतर महिनाभरात, एका छपाईवाल्याकडून परत आलेल्या फ्लॉपीतून व्हायरस शिरला आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. कुमुदताई शांत होत्या. डिस्क साफ करून सावंतने फ्लॉप्या मागितल्या. चौदा होत्या. मी तिथेच होते. पहिल्या सहा नीट गेल्या. सातवी आत गेली, करकर असा आवाज झाला, आणि पडद्यावर एक ओळ आली. सावंतने ती काढून झटकली, पुसली, पुन्हा घातली. पुन्हा तीच ओळ. "आठवी लावा मग," कुमुदताई म्हणाल्या. तो म्हणाला, "नाही होत ताई. ह्याने सगळं दाबून एकच लांबलचक फाइल केलीय ना, मधला तुकडा गेला की पुढचं उघडत नाही. मागचंसुद्धा..." सातवी फ्लॉपी कधी खराब झाली होती, कोण जाणे. कदाचित वर्षभर आधी. प्रोग्राम लिहायचा, पण लिहिलेलं परत वाचून बघायचाच नाही. आणि तरी दर शनिवारी हिरवी पट्टी दाखवायचा.

आम्ही दोघींनी आठवून आठवून निम्मे शब्द परत उभे केले. बाकीचे गेले. अर्थ अंधुक आठवतो आणि शब्द जिभेवर येत नाही, असं कितीतरी वेळा झालं. विचारायला हिरूबाई नव्हत्या. कुमुदताई त्या काळात फार कमी बोलायच्या. एकदा एवढंच म्हणाल्या, "तिने मला सांगितलं होतं गं, लवकर लिही म्हणून. मी लिहिलं आणि रद्दीत घातलं."

मग त्यांनी नवा प्रोग्राम निवडायला घेतला. मी निवड म्हणते आहे, पण ती उलटतपासणी होती. सावंतकडून, त्याच्या ओळखीच्यांकडून, एका कॉलेजातल्या सरांकडून त्यांनी तीन प्रोग्राम मिळवले आणि एकेकाला महिना-महिना वापरून पाहिलं. खोटा मजकूर भरायच्या, त्याच्या प्रती काढायच्या, मग आपल्या हाताने सगळं पुसून टाकायच्या आणि परत आणून दाखव म्हणायच्या. एका दुपारी मी गेले तर पंख्याखाली फ्लॉपी घेऊन बसलेल्या, आणि पर्सच्या झाकणाचं लोहचुंबक तिच्यावर सावकाश फिरवत होत्या. "अहो ताई, काय करताय?" "मुद्दाम बिघडवतेय," त्या म्हणाल्या. "चांगल्या फ्लॉपीवर सगळेच शहाणे. एक मेली की हा काय करतो, ते मला बघायचंय." त्यांचा चेहरा इतका थंड होता, की मी पाण्याचा पेला घेऊन मुकाट बसले. पहिला प्रोग्राम जुन्यासारखाच निघाला, एक फ्लॉपी मेली की सगळं अडलं. दुसरा देखणा होता, पण त्याच्या जुन्या आवृत्तीने काढलेल्या प्रती त्याच्याच नव्या आवृत्तीला वाचता येत नव्हत्या. तिसऱ्याला धड रंगही नव्हते, काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी. पण तो प्रत्येक फाइल वेगळी ठेवायचा. लिहिलेलं लगेच परत वाचून ताडून बघायचा. एखादी फ्लॉपी मेली तर तिच्यावरचं तेवढंच जायचं. आणि चुकलं तर चुकलं म्हणायचा, कुठली फाइल ते नावानिशी. सावंत म्हणाला, "ताई, हा फार जुनाट आहे, कुणी वापरत नाही आता." "असू दे जुनाट," कुमुदताई म्हणाल्या. "खोटं बोलत नाही."

पण त्यांचं समाधान तेवढ्यावर झालं नाही. एका शनिवारी त्यांनी मला सावंतच्या दुकानात नेलं. तिथल्या परक्या कॉम्प्युटरवर सगळं कोश-काम फ्लॉप्यांवरून उतरवून दाखव, म्हणाल्या. मी एकटीने. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. "ताई, तुम्ही आहात ना, मग मी कशाला?" त्या दाराजवळच्या स्टुलावर माझ्याकडे पाठ करून बसल्या. "मी नाही असं समज," म्हणाल्या. त्यांनी लिहून दिलेला कागद बघत बघत मी एकेक फ्लॉपी घातली. सगळ्या चालल्या. फाइल उघडली, आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, एकही मराठी अक्षर नाही. "ताई, सगळं बिघडलं!" त्या वळल्या नाहीत. मीच घाबरत सावंतला विचारलं, तेव्हा तो हसून म्हणाला, "बाई, ह्या मशीनवर तुमचा मराठी फॉन्ट नाही, म्हणून तसं दिसतंय. आत सगळं शाबूत आहे." पुढच्या आठवड्यापासून पहिल्या फ्लॉपीवर प्रोग्राम आणि फॉन्ट दोन्ही आले, आणि प्रत्येक फ्लॉपीची दुसरी प्रत निघायला लागली. एक संच त्यांच्याकडे, दुसरा माझ्या घरी. महिन्यातून एकदा मी तो डोंबिवलीला न्यायची आणि नवा घेऊन यायची.

त्या दिवशी दुकानातून घरी परतताना जिन्यात त्या दुसऱ्या मजल्यावर थांबल्या. कठड्याला धरून, ओठ जांभळट. मी घाबरले, तर हाताने 'थांब' अशी खूण केली. "लहानपणी सांधेतापाने हृदयाची एक झडप खराब झालीय," श्वास आल्यावर त्या म्हणाल्या, जणू नळ गळतोय असं सांगावं तशा. "ऑपरेशन करा म्हणतात. मे महिन्यात बघू." मे आला आणि गेला. मी विचारलं की म्हणायच्या, "एवढी 'प'ची पानं होऊ देत." कॉम्प्युटरचंही काही तरी बिनसलं होतं. आतून मधूनच टक्... टक्... असा आवाज यायचा. त्या टाइप करायच्या थांबायच्या, डब्याला कान लावायच्या. "ऐकलंस?" मला विचारायच्या. मी नवीन डिस्क घ्या म्हणायची. "घेऊ," म्हणायच्या, आणि परत टाइप करायला लागायच्या.

तेराव्यानंतर हेमंतने मला त्यांची औषधांची फाइल दाखवली. माझ्याच्याने राहवलं नाही, मी तारखा बघितल्या. 'आता ऑपरेशनचा धोका फार, ते करू नये' असं मोठ्या डॉक्टरांनी लिहून दिल्याचा कागद होता, आणि सावंतच्या दुकानात त्यांनी माझी परीक्षा घेतली होती ती त्याच आठवड्यातली. म्हणजे जिन्यात मला मे महिना सांगितला, तेव्हा त्यांना ठाऊक होतं. हेमंत म्हणाला, "मलासुद्धा नाही सांगितलं आत्याने."

कॉम्प्युटर त्याने मला दिला. सावंतने येऊन बटण दाबलं. टक्... टक्... टक्... आणि मग काहीच नाही. डिस्क गेली होती. एकदा बंद पडल्यावर ती पुन्हा फिरलीच नाही. मी कपाटातून माझा संच काढला, हेमंतने आत्याच्या टेबलाच्या खणातला आणला, तो ताजा होता, मागच्या शनिवारचा. सावंतच्या दुकानात त्याच स्टुलाशेजारी बसून मी एकेक फ्लॉपी घातली. एकोणीस. ताज्या संचातली अकरावी अडली, पांढऱ्या ओळीत दोन फाइलींची नावं आली. त्या दोन जुन्याच होत्या, महिनाभरात न बदललेल्या; माझ्या संचातून घेतल्या. फाइल उघडली तर मराठी अक्षरं, पहिल्या ओळीपासून. सावंतने माझ्यासाठी चहा मागवला.

शनिवार ते शुक्रवार, मधले सहा दिवस मात्र गेले. त्या दिवसांत त्यांनी काय काय लिहिलं होतं ते आता कुणालाच कळणार नाही.

आता रविवारी मी एकटी कोलशेतला जाते. हिरूबाईंची सून भेटते. ती म्हणते, "सासूला येत व्हता, मना नाय येत," आणि मग बोलता बोलता दोन-चार शब्द देऊन जाते. ते मी नव्या डिस्कवर टाइप करते, त्याच काळ्या पडद्यावरून प्रती काढते, प्रोग्राम ताडून बघेपर्यंत खुर्चीतून उठत नाही. फक्त एक गोष्ट मला अजून जमलेली नाही. दोन्ही संच माझ्याच कपाटात आहेत, वरच्या फळीवर, एकमेकांना चिकटून, दोन्हींच्या लेबलांवर कुमुदताईंचं बारीक, उभट अक्षर. एक घर, एक कपाट... त्यांनी पाहिलं असतं तर मला तिथेच उभं करून फैलावर घेतलं असतं. शाळेत, ओळखीत, नात्यात मी एकेकाकडे बघते आहे. सांगायला सोपं आहे, हा फ्लॉप्यांचा डबा ठेव, महिन्याने बदलून देईन. पण तो आपण नसू त्या दिवसासाठी द्यायचा असतो, ते आता मला ठाऊक आहे, आणि अजून कुणाच्या हातात तो ठेवायला माझा हात पुढे होत नाही.