जाऊची लाल कॅप्सूल

मी जाऊच्या क्षयाच्या कॅप्सूल चोरून खाल्ल्या. एक नाही, दोन. तिला रोज एक मिळायची, म्हणून मी दोन. एवढी मी शहाणी.

कारण ऐकाल तर आणखी हसाल. मी जळत होते. सिहोऱ्याकडचं आमचं घर, धानाच्या रोवण्याचे दिवस. मी दिवसभर बांधीच्या चिखलात वाकलेली, आणि मोठी जाऊ घरात खाटेवर. तिला उकडलेलं अंडं. तिला दूध. वरून ती लाल, चकचकीत कॅप्सूल, आणि सासू स्वतः पाण्याचा गडवा घेऊन उभी. माझ्यासमोर पेज आणि लाखोरीचं वरण. जाऊच्या गालांवर जरा तकाकी आली होती. मी ठरवूनच टाकलं, ही त्या लाल गोळीची करामत. अंडं चोरलं असतं तर सासूला वास आला असता. गोळीला वास नसतो. ती बाई जगेल की मरेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मला तिची खाट सलत होती.

दुपारी बांधाआड बसले आणि किंकाळी फोडली. लघवी लाल. बाया हातातल्या पऱ्ह्यांच्या जुड्या टाकून धावल्या. "रगत गेलं वं माय, रगत!" मी तर मरायची तयारीच केली. नवऱ्याने सायकलवर बसवून तुमसरला एका दवाखान्यात नेलं.

डॉक्टरने लघवी बाटलीत मागितली. खिडकीच्या उजेडाला धरली. हसला.

"कोणाच्या गोळ्या खाल्ल्यास?"

मी सांगितलं. खरं तेच सांगितलं.

त्याने कंपाउंडरला बोलावलं. शिकाऊ पोरांना बोलावलं. "ऐका रे. बाई, पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. मग तो बाटली घेऊन दारात गेला. बाहेर बाकावर बसलेल्या लोकांना दाखवली. "ढोरसुद्धा हुंगून खातं. ही तेवढंही करत नाही."

सगळे हसले. नवरा हसला. आणि मी? मीही हसले. पदर तोंडात कोंबून हसले. हसता हसता खोकल्याची उबळ आली. "नाटक पुरे," डॉक्टर म्हणाला. "पाणी पी आणि घरी जा."

घरी गेले. गाव बरेच दिवस हसलं. मग विसरलं.

मी नाही.

आता माझी नात मयुरी डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेच्या तयारीला, आता आम्ही राहतो त्या शहापूरच्या घरी आली, सोबत नागपूरची मैत्रीण आर्या. आर्याचे आईबाप दोघेही डॉक्टर. दोघी पलंगावर पुस्तकं पसरून एकमेकींना प्रश्न विचारत होत्या. मी खाली बसून तांदूळ निवडत होते. खोटं कशाला बोलू, खडे तसेच राहात होते. कान वर होते. जळायची सवय गेली नाही माझी. तेव्हा अंड्यावर जळायची, आता ह्या पोरींच्या तोंडातल्या शब्दांवर जळते.

"क्षयाची गाठ आतून कशी दिसते?" मयुरीने विचारलं.

"पनीरसारखी. पांढरी, भुसभुशीत."

घ्या! आमच्या घरात तेव्हा पनीर कोणी पाहिलं नव्हतं, आणि जाऊच्या छातीत होतं.

"आयसोनायझिड?"

"हातापायाला मुंग्या."

"इथाम्ब्युटॉल?"

"डोळे. लाल-हिरवं ओळखता येत नाही."

"रिफाम्पिसिन?"

आर्याने उशीवर थाप मारली. "लाल लघवी! हे कोण विसरेल? सरांचा किस्सा!" आणि ती उठून नकलाच करायला लागली. "तुमसरची ती बाई. देवीचा प्रसाद म्हणून अख्खी बाटली खाल्ली होती. सरांनी स्वतः पाहिली म्हणे, शिकाऊ होते तेव्हा. ढोरसुद्धा हुंगून खातं!"

मयुरी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. माझी नात.

देवी त्या सराने घातली. बाटली त्याने घातली. ढोर तेवढं जुनंच होतं.

मी सूप खाली ठेवलं. "ते बाई मीच होय."

"आजी, मजाक नोको करू."

"दोन खाल्ल्या होत्या. अख्खी बाटली नाही. आन् देवीगिवी काही नव्हती. अंड्यासाठी जळत होती मी."

मयुरीचं तोंड उतरलं. आधी माझ्याकडे नाही पाहिलं तिने. मैत्रिणीकडे पाहिलं. "आर्या, कॉलेजात कोणाले सांगू नोको."

डॉक्टरचं ढोर मी पचवलं होतं. हे नाही पचलं.

"काहून वं?" मी म्हटलं. "काहून नाही सांगायचं? किस्सा अर्धाच शिकवला तुम्हाले. बाकीचा ऐका. मले तवा खोकला होता. जाऊच्या खाटेखालीच निजत होती मी. दोन महिन्यांनी मलेच क्षय निघाला. मंग भेटलं अंडं. मंग सासू माह्यासाठीबी गडवा घेऊन उभी राहिली. तोवर पनीर झालं होतं छातीत."

आर्या हळूच म्हणाली, "आजी, त्या दिवशी त्या डॉक्टरांनी तुमची छाती तपासली नव्हती?"

"बाटली तपासली, बाई. छाती नाही. घरात क्षय कोणाले हाय, हेबी नाही इचारलं. हसण्यातून फुरसत कुठं होती?"

कोणी हसलं नाही.

"ढोर मी नव्हती," मी म्हटलं. "उपाशी होती. आन् तुमच्या सराले सांगजा, तोंडी परीक्षेच्या दिवशी येईन म्हनाव. दारात उभी राहीन. ज्याले हसायचं त्यानं माह्या तोंडावर हसावं."

मयुरी घाबरली. तोंडी परीक्षा घेणारे तेच सर. त्यांच्या मनात आलं तर वर्ष जाईल पोरीचं. ती जेवली नाही नीट. मीही समजावलं नाही. मला कोणी समजावलं होतं?

सकाळी बॅग खांद्याला लावून ती दारात आली. आर्या पुढे रस्त्यावर उभी. मयुरीने माझ्या पायांना हात लावला, उठली, आणि या वेळी माझ्याच डोळ्यांत पाहून म्हणाली, "आजी, तू नोको येऊ. सर वर्ष घालवतीन त घालवू दे. आता तो किस्सा वर्गात उभी राहून मी सांगीन, आन् खोकल्यापासून सांगीन."