पितांबरनानांचा न झोपणारा डबा

नशिराबादच्या पितांबरनानांनी उभी हयात दीपनगरच्या केंद्रात वीज बनवण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर ती वाचवण्यापायी घरच्यांचा जीव खाल्ला. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की नाना पेटले! बायको ज्योत्स्नाअक्का म्हणायच्या, "माझ्या पदरी नवरा नाही, मीटर पडलंय."

अशा माणसाच्या घरात एक कॉम्प्युटर मात्र रात्रंदिवस चालू. नातवंडांचे फोटो, दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण, सगळं त्यात साठायचं. घेताना जळगावच्या कॉम्प्युटरवाल्या आकिबने विचारलं होतं, "नाना, काम काय त्याचं?" पण समोरच्या हेमराजने नुकताच भारी कॉम्प्युटर घेतलेला. नाना म्हणाले, "सगळ्यात तगडा प्रोसेसर टाक." झालं! पावशेर मेथी आणायला दहाचाकी ट्रक आला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बिल फुगलं. नानांची नजर थेट दारापुढच्या ओट्यावरच्या जुन्या फ्रिजवर. तो अक्कांचा, आल्यागेल्याला गार पाणी मिळावं म्हणून बाटल्यांनी भरलेला. "हाच चोर!" म्हणत नानांनी वायर उपटली.

दुसऱ्या दिवशी मूळची सोनगीरकडची म्हातारी भाजीवाली वच्छलाबाई नेहमीसारखी ओट्यावर टेकली. एक घोट घेतला.

"अक्का, पानी गरम शे."

बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून तर अक्कांची मान खाली गेली. हळूहळू वच्छलाबाईची टोपली हेमराजच्या ओट्यावर उतरू लागली. गल्लीला चघळायला तेवढंच हवं होतं.

पुढचं बिल मात्र तसंच फुगलेलं. नानांनी आकिबकडून वीज मोजायचं छोटं यंत्र आणलं. संशय कूलरवर होता, पण जाता जाता कॉम्प्युटरलाही लावून पाहिलं. पडदा बंद, कुणाचा हात नाही, तरी डबा घटाघटा वीज पीत होता! मग फ्रिज लावून बघितला. तो बिचारा थोडा घरघरला, गार झाला आणि गप्प बसला. डबा काही डोळा मिटेना. नोकरीत कुणी असा रिकामा बॉयलर पेटता ठेवला असता, तर नानांनी त्याला फाडून खाल्लं असतं.

नाना गुपचूप जळगावला गेले. आकिब हसला, "यंदा त्याहून तगडा देऊ?"

"टोमणे नको मारू. काम नसताना किती खातो ते सांग."

फोटो आणि कॅमेऱ्यापुरता, झिरोच्या बल्बएवढ्या विजेवर भागवणारा बारका प्रोसेसर त्यांनी निवडला. आकिबने मदरबोर्डासकट बदलून दिला. घरी येऊन नानांनी फ्रिजची वायर खोचली.

"सुटला का कैदी?" अक्कांनी विचारलं.

"सुटला."

"आणि खरा चोर?"



दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते गार बाटली घेऊन, चपला विसरून, हेमराजच्या ओट्यापुढे उभे राहिले. चार टाळकी बसलेलीच होती. "वच्छलाबाई, वीज माझा कॉम्प्युटर खात होता. मी तुमचं पाणी तोडलं."

हेमराज म्हणाला, "नाना, दीपनगरवाले तुम्हीच ना?" ओटा खो खो हसला. वच्छलाबाईने बाटली गालाला लावली. "आते पानी थंड शे ना? मंग इतलंच बस."

पण ती उठून परत अक्कांच्या ओट्यावर काही आली नाही. माणसाला जागेची सवय लागते.

आता रोज दुपारी नाना बाटली घेऊन रस्ता ओलांडतात. अक्का दारातून ओरडतात, "अहो, चपला घाला, डांबर तापलंय!"

नाना घालत नाहीत.