जास्त मिठाची चटणी

आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामं द्यायचं नाही. गेल्या वर्षी या रीतीने माझा जीव अगदी मेटाकुटीला आणला.

बायको मोठ्या तापातून उठली होती. उठली म्हणजे काय, ताप उतरला एवढंच. अन्नावरची वासनाच उडाली होती तिची. डॉक्टर म्हणाले, "औषधाचं काम झालं. आता पोटात काही गेलं नाही, तर कठीण आहे." ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. काही विचारलं की "नको." भांडली असती तरी चाललं असतं हो, पण ते "नको" ऐकून मला धडकी भरायची.

मला स्वयंपाक येत नाही. शिवाजीनगरात माझं मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. जन्मभर मिक्सर उघडले, पण त्यात वाटायचं काय ते हिलाच ठाऊक.

एके दुपारी समोरच्या घरातली कानडी अक्का डबा घेऊन आली. मऊ भात आणि टोमॅटोचं सारु, म्हणजे आपलं सार. "अण्णा, स्वल्प तरी खायला सांगा त्यांना." कुणाचे उपकार घ्यायचे म्हटलं की माझं डोकं फिरतं. "कशाला उगीच त्रास?" असं मी जरा गुरगुरूनच म्हणालो. ती हसली आणि डबा ठेवून गेली. हिने दोन घास खाल्ले.

संध्याकाळी डबा धुऊन निघालो, तर आतून आवाज आला, "रिकामाच नेताय? शोभतं का?"

किती दिवसांनी ती "नको"शिवाय काही बोलली होती! मी मुकाट्याने साखर घातली. दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा भरून आला. मी पुन्हा साखर घातली. असं चार-पाचदा झाल्यावर ही कडाडली, "रोज साखर? अक्का काय म्हणेल? शेंगदाण्याची चटणी करा."

"मला येत नाही."

"मग मला उठवा."

तिला धरून स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसवलं. मी दाणे भाजतोय आणि ही सांगतेय, "गॅस बारीक करा, करपताहेत! अहो, नाक आहे ना तुम्हाला?" लसूण, तिखट, मीठ घालून मिक्सर फिरवला. मग चमचाभर चटणी तिच्या हातावर ठेवली. तिने चाखली.

"अळणी आहे."

मी चाखून बघितली. चांगली होती. पण आजाराने तिच्या जिभेची चवच गेली होती, तिला कळणार कसं? मी आणखी मीठ घातलं. तिने परत चाखली. "अजून घाला." पुढे भाताच्या घासाबरोबर चाखायला लागली, म्हणजे नीट कळेल म्हणे. मला आणखी काय हवं होतं! मीठ बघण्याच्या निमित्ताने अर्धी वाटी भात पोटात जायचा. ती म्हणेल तेवढं मीठ मी घालत गेलो आणि तसलीच चटणी समोरच्या घरी पोचवत गेलो. अक्काला तोंड दाखवायची लाज वाटायची. पण ती काही बोलली नाही. डबा मात्र दुसऱ्या दिवशी भरून यायचा.

हळूहळू खुर्ची गॅसजवळ सरकली. मग एका सकाळी पाहतो तर ही उभी राहून स्वतःच दाणे भाजतेय. मला हात लावू दिला नाही. चटणी केली, चाखली, डब्यात भरली आणि म्हणाली, "आज मी देऊन येते."

भिंतीला धरत धरत गेली. मी मागोमाग. अक्काने दार उघडलं, हिला उभी पाहून तिचे डोळेच भरले. डबा उघडून तिने तिथेच चिमूटभर चटणी तोंडात टाकली. मग हिचा हात घट्ट धरून माझ्याकडे बघत म्हणाली, "अण्णा, आज मीठ बरोबर आहे."

हिने वळून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे? इतके दिवस नव्हतं?"

मी दारातच रडायला लागलो.