रांजणाचा मुंढा

स्फाक्स बंदरातल्या आमच्या गल्लीत शादलियाच्या हातचं शिवलेलं काही अंगावर न घातलेली बाई शोधावी लागेल. माप घेता घेता समोरचीचं वय, वजन आणि सासूशी कितपत पटतं हे ती ओळखायची आणि तोंडावर सांगायची. नवरा तिजानी आयुष्यभर मासेमारीच्या बोटीवर होता. निवृत्त होऊन घरी आला आणि खिडकीपाशी नांगर टाकून बसला.

गेल्या वर्षी शादलियानं जुनी, उखडलेली फरशी काढून नवी टाईल घालायचं ठरवलं. निळ्या-पांढऱ्या नक्षीची टाईल निवडली. तिजानीनं कशालाच हरकत घेतली नाही. अडलं ते रांजणापाशी. मधल्या खोलीच्या कोपऱ्यात कमरेइतका वर आणि तितकाच जमिनीत गेलेला ऑलिव्हच्या तेलाचा रांजण आहे. तिजानीच्या आजोबांनी पुरलेला. आता तेल डब्यांतून येतं, त्यामुळे तो रिकामाच. शादलिया म्हणाली, काढून टाका. तिजानी म्हणाला, आधी मला काढ. हाही पर्याय आपण पडताळून पाहिला होता, असं शादलिया आजही सांगते.

फरशी बसवायला मुनव्वर आला. कामाला हुशार आणि बोलण्यात त्याहून. खांब असो, नळ असो, आपण भोवती टाईल बसवली की मधून केस जात नाही, हे त्यानं आल्या आल्या सगळ्या गल्लीला ऐकवलं. दुपारी शादलियानं त्याला मासळीचा कुसकुस वाढला आणि हातोडा कधीकधी हातातून निसटतो, अशी आठवण करून दिली. संध्याकाळी तिजानीनं त्याला कॉफी पाजली आणि रांजणाभोवती टाईल अशी आवळ की माझ्या माघारीही कुणाला तो हलवता येऊ नये, असं बजावलं. मुनव्वरनं दोघांपुढेही मान डोलावली.

खोली भरत आली. शेवटी रांजणाचा कोपरा उरला. मुनव्वरनं दोरी धरून पुठ्ठ्यावर झकास वर्तुळ काढलं, त्याबरहुकूम टाईल कापल्या आणि लावून पाहिल्या. एका अंगाला टाईल रांजणावर चढत होती, दुसऱ्या अंगाला अंगठा जाईल एवढी फट. त्यानं पुन्हा मोजलं, पुन्हा कापलं. फट फक्त बाजू बदलून बसली. हातानं घडवलेला तो रांजण मुळात गोल नव्हताच. मुनव्वरनं पुठ्ठ्याला, टाईलला आणि कुठल्यातरी मेलेल्या कुंभाराला शिव्या घातल्या.

"उस्ताद, आमच्या घराण्यात सरळ कुणीच निपजलं नाही," तिजानी खिडकीपाशी बसल्या बसल्या हसत म्हणाला.

गलका ऐकून शादलिया शिवणयंत्र सोडून आली. तिला पाहून मुनव्वरला धीर आला. नक्षीच्या टाईल संपत आल्यात, आता रांजण फोडूनच काढू, असं तो म्हणाला. तिच्या मनासारखं आयतं होत होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण तिची नजर त्या पुठ्ठ्यावर गेली आणि तिला राहवेना.

"हे काय बेतलंयस?"

"वर्तुळ, लल्ला शादलिया," मुनव्वर अदबीनं म्हणाला.

"माणसाचा खांदा कधी गोल बघितलास का रे? वर्तुळ कापून बाही लावली असती, तर गावानं मला हाकलून दिलं असतं. हा मुंढा आहे. मुंढ्यासारखा बेतावा लागतो."

तिनं आपला बेतायचा कागद आणला. त्याच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर चिरा दिल्या, गुडघे टेकले आणि एकेक पट्टी रांजणाला दाबून नखानं दुमडत गेली. अर्धी फेरी झाल्यावर सवयीनं रांजणाला म्हणाली, "श्वास सोडा." तिजानीचं हसणं थांबलं. तो उठून आला आणि न सांगता कागदाचं दुसरं टोक धरून उभा राहिला.

त्या कागदावरून कापलेल्या टाईल पहिल्याच झटक्यात बसल्या. मुनव्वरनं चारही बाजूंनी बोट फिरवून पाहिलं. मग भीत भीत विचारलं, रांजण काढायचं मग काय?

"ज्याचं माप घेतलं, त्याला मी दारातून परत पाठवत नाही," शादलिया म्हणाली.

तिजानीला काहीतरी बोलायचं होतं. आजोबांना फार बरं वाटलं असतं, इतकंच तो म्हणाला. तिनं त्याला आजोबांचं राहू दे आणि खालचे कागदाचे तुकडे उचल, असं सांगितलं. त्यानं मुकाट्यानं उचलले.

आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तो कोपरा दाखवते. रांजण ठेवायचा असं पहिल्यापासून माझंच म्हणणं होतं, हे सांगताना तिचा चेहरा जराही हलत नाही. तिजानी शेजारी बसून हो म्हणतो.

यंदा मुनव्वरला एका अंगणाचं काम मिळालं. मधोमध अंजिराचं वेडंवाकडं झाड. तो सकाळीच शादलियाच्या दारात हजर झाला, झाडाचं माप घ्यायला येता का म्हणून विचारायला. ती बाहेर जाताना घ्यायची पांढरी चादर लपेटून त्याच्या तीनचाकीत पुढे बसून गेली. आता महिन्यात एखादं तरी असं बोलावणं येतं. त्या दिवशी स्वयंपाक तिजानीकडे. मध्यंतरी एकदा त्यानं ऑक्टोपस शिजवला आणि आमच्याकडेही वाडगाभर पाठवला. चांगला मऊ झाला होता, मीठ मात्र समुद्राइतकं. माझ्या बायकोनं वाडगा धुऊन त्यात लिंबं घातली आणि उत्तम झाला होता असा निरोप पाठवला. तेव्हापासून तो दर आठवड्याला पाठवतो.