पेसोचे तेरा रकाने

उल्हास बर्वे या माणसाबद्दल चांगलं बोलायचं तर एवढंच, की तो वेळेवर यायचा. बाकी नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पिनरहून तीन गाड्या बदलून ब्रॅकनेलच्या आमच्या ऑफिसात साडेआठला हजर. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत डबा आणि कपाळाला आठी. पंचाहत्तर साली इकडे विलायतेत आला, लग्न केलं नाही. कुणी करून घेतलं नसावं. पहिल्या दिवशी मी आपलं मराठी माणूस म्हणून "काका" म्हणाले, तर म्हणतो, "मी कुणाचा काका नाही. बर्वे म्हणा."

बरं बाबा, बर्वे तर बर्वे.

आमचं डेस्क जुन्या विनिमय दरांचं. कुठल्या तारखेला कुठलं चलन किती, याचे तक्ते करून विकायचे. त्यात अर्जेंटिनाचा पेसो आणि ब्राझीलचा रिआल हा तक्ता म्हणजे त्याचा जीव. एका पेसोला किती रिआल, रोजचा एक आकडा. प्रोग्रॅम मी लिहिलेला, तरी हा शेजारी बसून तोच आकडा पेन्सिलनं हिरव्या वहीत उतरवणार. महिनाअखेर त्यानं तपासून कॉम्प्युटरवर आपली आद्याक्षरं टाकली, की तक्ता क्लायंटकडे. आणि माझी चूक सापडली की सगळ्यांसमोर, मुद्दाम मराठीत, "पुण्यात हल्ली वजाबाकी शिकवत नाहीत का हो?" मला तो डोळ्यांसमोर नको व्हायचा. त्यालाही मी.

दोन हजार एकच्या डिसेंबरात अर्जेंटिनात बोंब झाली. दहा वर्षं एक पेसो म्हणजे एक डॉलर असा तिथला कायदा होता, तो मोडायला आला आणि चलनाचा बाजारच बंद पडला. जवळजवळ तीन आठवडे. आमच्या तक्त्यात तेरा रकाने रिकामे. आता आमच्या लाइनमध्ये रकाना रिकामा ठेवत नाहीत. सुट्टी असली की आदल्या दिवसाचा आकडा पुढे ओढायचा, हे आम्हाला ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात शिकवलेलं. मी ओढला. तेराही दिवस, पेसोला सव्वादोन रिआलच्या वर.

"बाई, ही सुट्टी नाही," बर्वे म्हणाला. "घरात माणूस मरायला टेकलंय म्हणून दार लावलंय. भाव नव्हता म्हणजे नव्हता. रकाने मोकळे ठेवा. मी सही करणार नाही."

अकरा जानेवारीला बाजार उघडला, तेव्हा पेसोला दीड रिआलसुद्धा मिळेना. तरी मी हटले नाही. क्लायंट ओरडत होता, मॅनेजरला महिनाअखेर तक्ता हवा म्हणजे हवा, आणि हा मख्ख चेहऱ्यानं साडेचारला पिशवी उचलून चालता झाला. अस्सा संताप आला! त्याचा पासवर्ड डेस्कवर सगळ्यांना माहीत होता. मी त्याच्या नावानं आत शिरले आणि आद्याक्षरं टाकली. यू. बी. दोन अक्षरं. मनात म्हटलं, बस आता बोंबलत.

तो बोंबलला नाही. त्याला कळलंय की नाही, तेही मला कळलं नाही.

नोव्हेंबरात प्रकरण शेकलं. केंब्रिजच्या एका संशोधकानं आमच्या आकड्यांवर निबंध वाचला आणि भर परिषदेत लोकांनी त्याला विचारलं, बाजार बंद असताना तुम्हाला भाव कुणी दिला? तो कंपनीवर उखडला. मॅनेजरनं आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. तक्त्यावर आद्याक्षरं कुणाची? बर्व्याची.

माझं वर्क परमिट मार्चमध्ये संपत होतं. मुदतवाढीचा अर्ज मॅनेजरच्या टेबलावर, तिच्याच सहीसाठी पडलेला. अपूर्व, माझा नवरा, पुण्याची नोकरी सोडून माझ्यामागे आलेला. तनिषा नुकती शाळेत जायला लागलेली. मी खरं बोलले असते तर महिन्याभरात तिघंही विमानात. मी टेबलाकडे बघत बसले. बर्वे माझ्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "अक्षरं माझी आहेत." झालं. एकोणसाठाव्या वर्षी त्याला काढलं.

शेवटच्या दिवशी दुपारी तो पिशवी भरत होता. मला वाटलं, दोन शब्द बोलावेत. गेले. "बर्वे, तुमचे उपकार..."

"गप्प बस," तो म्हणाला. हिरवी वही उघडून माझ्यासमोर धरली. डिसेंबर-जानेवारीचं पान. तेरा रकाने कोरे, आणि खाली पेन्सिलनं तारीख घालून लिहिलेलं: ऋजुतानं भरले. माझ्या नावानं. मी नाही म्हटलं होतं.

"मग दाखवलं का नाहीत?"

"दाखवलं असतं तर तू पुण्याला गेली असतीस. चार दिवस रडली असतीस, दुसरी नोकरी धरली असतीस, विसरून गेली असतीस." वही पिशवीत गेली. "तुझ्यावर दया केली असं समजू नकोस. इथेच राहा. रोज तो तक्ता उघड."

मेल्यानं दावा साधला तो असा. मी राहिले. आता पासपोर्टही इथला आहे, आणि डेस्कही माझं आहे. तक्ता दुरुस्त झाला, तेरा रकाने कोरे झाले, पण खाली एक टीप कायमची बसलीय: तपासनीस यू. बी. यांच्या चुकीमुळे दुरुस्ती.

गेल्या महिन्यात नागपूरहून एक नवीन मुलगी आली, मायरा. हुशार आहे. तिनं टीप वाचली आणि विचारलं, "मॅडम, हे यू. बी. कोण?"

"होता एक," मी म्हटलं. "निष्काळजी माणूस."